पारोळामार्गे धुळ्याला जाणारी लाईट

रोज संध्याकाळी दिवेलागणीला आमच्या गल्लीतून धुळ्याला लाईट सुटते. गाडी नाही हो, लाईटच. समोरच्या गच्चीवर सुदामनाना येऊन उभे राहतात, मोबाईल डोळ्यांपासून हातभर लांब धरतात, घसा खाकरतात आणि अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगतात, "एरंडोल-पारोळामार्गे धुळ्याला जाणारी लाईट सुटत आहे!" मग खिशातली किल्ली काढून लोखंडी कठड्यावर दोनदा वाजवतात. टिंग टिंग. डबल बेल. लाईट गेली धुळ्याला, नाना उतरले खाली.

कॉलनीत नवीन भाडेकरू आला की दोन-चार दिवसांत माझ्या दाराशी येतो आणि हळूच विचारतो, "ताई, ते समोरचे आजोबा... बरे आहेत ना?" मी म्हणते, "एकदम ठणठणीत. तुम्ही बाथरूमचा दिवा चालू ठेवून आला असाल तर आधी जाऊन बंद करा, नाहीतर ते येतील."

नाना म्हणजे जळगाव स्टँडवरचे रिटायर्ड कंट्रोलर. उभा जन्म काचेच्या केबिनमध्ये बसून माईकवरून गाड्या सोडल्या. चोपडा, मुक्ताईनगर, धुळे. रिटायर झाल्यावर माईक तिकडे राहिला आणि आवाज घरी आला. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी होत नाही, 'गाडी लागते'. पाहुणे उठले की 'आपापलं सामान तपासून घ्या'. नात झाली तेव्हा खिडकीतून ओरडले, "शोभा, धुळ्याची गाडी सुखरूप पोचली!" मी म्हटलं, कोण गेलं होतं बाई प्रवासाला? हातात पेढा पडला तेव्हा उलगडा झाला. आणखी एक खूण सांगून ठेवते. नाना रागात असले की माईकवरचं शुद्ध मराठी बोलतात. मऊ झाले की अहिराणीत येतात.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे बटणं. दिसलं बटण की केलं बंद. कुणाच्याही घरी, न विचारता. एकच वाक्य, "रिकामी गाडी कशाला पळवता?" माणूस नसलेल्या खोलीतला पंखा म्हणजे त्यांच्या लेखी रिकामी गाडी. आमच्याकडे सत्यनारायण होता. नाना कथा चालू असतानाच प्रसाद घ्यायला आले, तीर्थ घेतलं, नमस्कार केला आणि जाता जाता सवयीने हॉलची ट्यूब बंद करून गेले. गुरुजींचा साधुवाणी अर्ध्या वाटेत अंधारात अडकला. मी काही गरीब गाय नाही. भर पूजेतून उठून अंगणात गेले आणि नानांना असं झापलं, की प्रसाद त्यांच्या हातात तसाच राहिला. ते शांतपणे म्हणाले, "देवापुढे समई होती की."

त्यात बिलं वाढायला लागली. दर महिन्याला बिल आलं की नाना ओट्यावर बसून कुंडली वाचावी तसं ते वाचायचे. स्थिर आकार, वीज आकार, इंधन समायोजन. एकेका शब्दाला एकेक शिवी. फक्त 'वहन आकार' आला की मान डोलवायचे. "हे मात्र रास्त आहे. लाईट एवढ्या लांबून प्रवास करून येते, तिला तिकीट लागणारच." मी हसायचे. तेव्हा काय माहीत, हा माणूस ते खरंच धरून बसलाय म्हणून.

या बटणबंदीचा सगळा मारा झाला तो अक्कावर. अक्का म्हणजे नानांची बायको, हसरी, ठेंगणी, मनाने राजा बाई. तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक छोटा पंखा होता. जळगावचा मे महिना, अक्का घामाघूम होऊन बट्ट्या तळतेय आणि नाना येऊन पंखा बंद करतायत. का? तर वाऱ्याने गॅसची ज्योत हलते. म्हणजे गॅस वाया आणि लाईटही वाया. अक्का पुन्हा लावायची. नाना पुन्हा येऊन बंद करायचे. असं वर्षानुवर्षं चाललं. अक्का कधी भांडली नाही, हेच वाईट झालं. मी असते तर पहिल्याच दिवशी झारा घेऊन मागे धावले असते.

मग लेकीचं बाळंतपण आलं. पहिलं बाळंतपण, खरं म्हणजे लेक माहेरी यायची. पण ती धुळ्याहून म्हणाली, "आई, तूच ये. इथे बाळाचा पंखा कोणी बंद करणार नाही." अक्का महिन्याभरासाठी म्हणून गेली. नात आता बालवाडीत जाते. अक्का अजून तिथेच आहे.

भांडण नाही, काही नाही. एकदा मी फोनवर विचारलं, "अक्का, येतेस कधी?" तर म्हणाली, "येसू वं माय. पण तठे मना पंखा बंद व्हस." आणि हसली. येईन म्हणे, पण तिथे तिचा पंखा बंद होतो.

नाना काही तिला ये म्हणत नाहीत. अक्का काही स्वतःहून येत नाही. नाना धुळ्याला जाऊन राहायला तयार नाहीत, कारण जावयाच्या घरी बोलावल्याशिवाय कसं जायचं? रोज रात्रीच्या जेवणाआधी फोन मात्र होतो. ओट्यावर बसून नाना स्पीकरवर बोलतात, त्यामुळे तो सगळ्या गल्लीचा पाठ आहे.

"लाईट शे का तठे?"

"शे."

"पंखा?"

"फिरस."

"बरं."

झाला फोन. लाईट आहे, पंखा फिरतोय, एवढंच.

दोनेक वर्षांपूर्वी एक कंपनी आमच्या कॉलनीत आली. छतावर सोलर, घरात बॅटरी, आणि सगळ्यांच्या बॅटऱ्या कॉम्प्युटरवरून एकमेकींशी जोडायच्या. संध्याकाळी सगळं गाव एकदम दिवे लावतं, लाईट महाग होते, तेव्हा प्रत्येक बॅटरीतून थोडी थोडी लाईट ओढून घ्यायची. त्याचा मोबदला बिलातून वळता व्हायचा. कंपनीची इंजिनीयर मुलगी गणपतीच्या मांडवात सभा घेऊन म्हणाली, "याला आभासी वीजकेंद्र म्हणतात."

नाना उठले. "आभासी म्हणजे नसलेलं?"

"म्हणजे एका जागी नसलेलं, काका. जळगाव, पारोळा, धुळे, सगळीकडची घरं मिळून एक केंद्र."

"एकाच डेपोच्या गाड्या म्हणा की. धुळेसुद्धा?"

"हो, धुळेसुद्धा."

नानांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. सगळ्यांच्या आधी सही त्यांची. आम्ही म्हटलं, बघा, बिल वाचतंय म्हटल्यावर म्हातारा कसा पळत गेला! त्या दिवसापासून ही डबल बेल सुरू झाली. कंपनी लाईट ओढायला लागली की मोबाईलवर सूचना येते आणि नाना गच्चीवर हजर. फोनवर एक वाक्य वाढलं.

"आज लाईट भरपूर सोडी. पोचनी का?"

"पोचनी," अक्का म्हणायची. कशावरून म्हणायची, देव जाणे.

परवा ती इंजिनीयर मुलगी बॅटरी तपासायला आली. मीही तिथेच होते, आमच्या बॅटरीचं विचारायला. नानांनी तिला चहा दिला, स्टुलावर बसवलं आणि अगदी केबिनमधून विचारावं तसं विचारलं, "आपली लाईट धुळ्याला किती वाजता पोचते?"

मुलीला कळेना. "धुळ्याला?"

"देवपुरात. आमच्या मुलीकडे."

ती बिचारी हसली. वाईट हेतूने नाही, लहान मुलाला सांगावं तशी. "काका, वीज अशी ठरवून कुणाच्या घरी जात नाही. जवळच्या जवळ वापरली जाते. तुमच्या बॅटरीतून निघालेली वीज फार तर या ताईंच्या मिक्सरपर्यंत जात असेल."

मी खो खो हसले. "घ्या नाना! एवढे दिवस माझ्या मिक्सरला डबल बेल देत होतात!"

नाना हसले नाहीत. "असं आहे होय," म्हणाले. कप उचलून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

त्या संध्याकाळी लाईट सुटली नाही. म्हणजे कंपनीने ओढली असणारच, पण गच्चीवर कोणी आलं नाही. गल्लीतल्या बायका ओट्यांवर येऊन वर बघायला लागल्या. भाडेकरूसुद्धा विचारायला आला. माझा जीव राहीना. वाटीत खिचडी घेतली आणि समोर गेले.

घरभर अंधार. फक्त स्वयंपाकघरातून घरघर येत होती. बघते तर अक्काचा तो भिंतीवरचा पंखा जोरात फिरतोय. गॅस बंद, ओटा पुसलेला, आणि नाना उंबऱ्यावर बसून पंख्याकडे बघतायत. ज्या माणसाने देवाची ट्यूब सोडली नाही तो माणूस!

मी म्हटलं, "नाना, रिकामी गाडी पळवताय?"

"रिकामी नही शे," ते म्हणाले. "तिनी सीट रिझर्व्ह शे."

तिची म्हणजे अक्काची. मग तेच बोलायला लागले, खाली बघत, सगळं अहिराणीत. मी आपलं तुमच्यासाठी सरळ करून सांगते. तिला घाम यायचा आणि मी पंखा बंद करायचो. ती गेल्यावर एक दिवस पोळ्या करायला उभा राहिलो, तेव्हा समजलं इथे किती तापतं ते. तिला तोंडाने कसं सांगू? म्हटलं, लाईटच पाठवू. तिच्या डोक्यावरचा पंखा आपल्या लाईटवर फिरतोय एवढं तरी होईल. तर तेही धुळ्याला जात नाही म्हणतात.

मला रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो. मी वाटी ओट्यावर आदळली. "लाईट जात नाही ना? मग तुम्ही जा!"

"बोलावलं नाही कोणी."

"लाईटला कोणी बोलावलं होतं? ती तर रोज निघत होती!"

मी तशीच घरी आले. कंपनी अजून त्यांच्या बॅटरीतून लाईट ओढत होती. मी मिक्सर काढला, शेंगदाणे भाजले, लसूण, तिखट, मीठ टाकलं आणि डबाभर चटणी वाटली. अक्काला माझ्या हातची शेंगदाण्याची चटणी फार आवडते.

सकाळी नाना इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभे. मी स्कूटरवर त्यांना स्टँडवर नेलं. आयुष्यभर तिथून गाड्या सोडलेला माणूस, पण धुळ्याच्या गाडीत चढताना पायरीवर अडखळला. खिडकीशी बसल्यावर मी डबा आत दिला. "ही घ्या तुमची लाईट. कालची आहे. माझ्या मिक्सरमध्ये सापडली."

नानांनी डबा दोन्ही हातांनी मांडीवर धरला. स्टँडच्या माईकवर कोणा पोरीचा आवाज आला, एरंडोल-पारोळामार्गे धुळ्याला. ते कान देऊन ऐकत होते. मग एकदम खिडकीतून वाकले आणि घराची किल्ली माझ्या हातात कोंबली. तीच, डबल बेलची. "शोभा, सयपाकघरना पंखा बंद नको करजो."

"बरं."

"कोनी काही बी म्हनो. नको करजो."

कंडक्टरने बेल दिली आणि गाडी गेली.

दुपार कलली तेव्हा मी समोर जाऊन बघून यावं म्हणून गेले. पंखा फिरतच होता. तेवढ्यात अक्काचा फोन आला. आवाज जड होता, रडून झाल्यासारखा, आणि मागून नानांचं नातीला काहीतरी 'सामान तपासून घ्या' चाललं होतं.

"शोभा, हे म्हनतस, मना पंखा चालू शे. खरं शे का?"

"खरं आहे अक्का. मी त्याच्याखालीच उभी आहे."

मग म्हणाली, "बंद कर वं तो. रिकामी गाडी कशाले पळावस? मी उनू का मीच लावसू."

येणार म्हणाली अक्का, येऊन स्वतःच पंखा लावणार. मी बटणापर्यंत हात नेला. अक्काला "हो" म्हटलं, आणि पंखा तसाच चालू ठेवून घरी आले.