निळसर हिरवं दार

तात्यांनी चौतीस वर्षं टपाल वाटलं, पण कुणाला कधी रस्ता विचारला नाही. कचेरीत त्यांचं नावच मुळी 'होकायंत्र' पडलं होतं. निरोपसमारंभात साहेब म्हणाले होते, "यांना डोळे बांधून कुठल्याही गावात सोडा, बरोबर मुक्कामी पोचतील." तात्यांना ते वाक्य इतकं आवडलं, की पुढचे सहा महिने घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते ऐकवलं. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्यालासुद्धा.

माई काही बोलत नसत. बोलायचं झालं तर बरंच बोलावं लागलं असतं.

तर अशा या तात्यांना आणि माईंना त्यांच्या लेकीने लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला एका जुन्या शहरातल्या नव्या हॉटेलात दोन दिवस पाठवलं. दोघं कधी हॉटेलात राहिलीच नव्हती. सुट्टी म्हणजे आज या आणि उद्या त्या नातेवाइकाकडे. त्यामुळे माईंनी आठ दिवस आधी बॅग भरली, दोनदा उपसली आणि तिसऱ्यांदा भरली.

हॉटेल म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच्या एका बड्या व्यापाऱ्याचं घर होतं. बाहेर पाटी नव्हती. भारी हॉटेलं म्हणे पाटी लावत नाहीत. खोल्यांना नंबर नव्हते, दारांवर नुसती पक्ष्यांची चित्रं. यांच्या वाट्याला घुबड आलं. आत पलंग एवढा उंच, की चढायला दोन पायऱ्यांचं स्टूल ठेवलेलं. न्हाणीघरात तांब्याचा भलामोठा टब होता आणि त्याला नळच नव्हता. तात्या त्याच्याभोवती तीन प्रदक्षिणा घालून आले. माईंनी भिंतीवरच्या पितळी फुलाला हात लावला आणि छतातून धो धो पाणी आलं. दोघंही चिंब भिजली आणि लहान मुलांसारखी हसत सुटली.

कपाटात दोन लांब मखमली झगे होते. एक लाल, एक जांभळा, बाह्यांना सोनेरी काठ.

"नाश्त्याला पाहुणे कपाटातले झगेच घालून येतात," रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली होती. "तुमच्या मजल्याच्या टोकाला दोन दारं आहेत. हिरव्या दारातून आलात की नाश्त्याची खोली. निळ्या दारातून मात्र..."

"कळलं," तात्या म्हणाले.

"मी सकाळी कुणाला तरी पाठवू का तुम्हाला न्यायला?"

तात्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू पट्टीच्या पोहणाऱ्याच्या पाठीला कुणी डबा बांधायला आलंय.

सकाळी नऊ वाजता लाल झग्यात तात्या आणि जांभळ्या झग्यात माई अशी स्वारी निघाली. माईंना आरशासमोरून हलवत नव्हतं. "राणी दिसते का हो मी?" त्यांनी विचारलं. तात्या म्हणाले, "चल, चहा गार होईल."

मजल्याच्या टोकाला दोन दारं होती खरी. पण रंग लावणारा भलताच रसिक निघाला होता. डावं दार हिरवट निळं होतं आणि उजवं निळसर हिरवं.

"खाली जाऊन विचारून येते," माई म्हणाल्या.

"विचारायचं काय त्यात? निळसर हिरवं म्हणजे मुळात निळंच. त्याला हिरव्याची नुसती झाक. हिरवट निळं म्हणजे मुळात हिरवं."

"अहो, उलटं आहे ते. हिरवट निळं म्हणजे निळंच की."

"अगं, चौतीस वर्षं मी..." म्हणत तात्यांनी डावं दार ढकललं. दोघं आत गेली. मागे दार खट्‌कन लागलं आणि आतल्या बाजूने त्याला मूठच नाही, हे माईंच्या लक्षात आलं.

पण समोर पाहिलं आणि माई सगळं विसरल्या. लांबलचक टेबल, त्यावर कलाबतूचं कापड, चांदीचे दिवे, निळ्या नक्षीच्या बशा, आणि बरोबर दोनच जागा मांडलेल्या. टेबलाभोवती लाल दोरी.

"बघितलंस? आपल्यासाठी राखून ठेवलंय," तात्या म्हणाले. त्यांनी दोरी उचलून माईंना आत घेतलं, स्वतः शिरले आणि खुर्चीत बसले. खुर्ची अशी करकरली, जणू तिच्यावर दोनशे वर्षांत कुणी बसलंच नव्हतं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. पाऊण तास झाला. चहा नाही, पाव नाही, चिटपाखरू नाही. समोरचं मोठं दारही बाहेरून बंद होतं. माईंनी टकटक केली, हाका मारल्या, पण भिंती हातभर जाड होत्या. फोन दोघांचेही खोलीत राहिले होते.

"भारी हॉटेलात घाई नसते," तात्या म्हणाले. पोटात मात्र कावळे ओरडत होते. शेवटी त्यांनी मधल्या परडीतलं लालबुंद सफरचंद उचललं आणि कचकन चावा घेतला.

चावता चावता त्यांचा जबडा थांबला.

"काय झालं?"

"मेण आहे," तात्या तोंडाला रुमाल धरून म्हणाले.

झालं, माईंचा बांध फुटला. पस्तीस वर्षांचं पाणी साचलेलं होतं.

"एका शब्दाने विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? लेकीच्या बक्षीससमारंभाला 'मला माहिती आहे रस्ता' म्हणालात, आणि आपण पोचलो तेव्हा तिथे खुर्च्या आवरत होते. ती पोर बक्षिसाचा कप हातात घेऊन पायरीवर बसली होती. माझ्या भावाच्या लग्नात भलत्याच मांडवात जेवून आलात. वर म्हणे, जेवण चांगलं होतं!"

नेमकं त्याच वेळी मोठं दार उघडलं आणि वीस-बावीस माणसं आत आली. पुढे गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक तरुणी होती. माईंची पाठ दाराकडे होती आणि तोंड चालू होतं. तात्यांना वाटलं, नाश्त्याला इतर पाहुणे आले. झगे घातले नाहीत, एवढंच काय ते नवल.

ती तरुणी गाइड होती. घराचा हा अर्धा भाग संग्रहालय होता आणि दहा वाजता उघडत असे. दोरीच्या आत मखमली झग्यातलं जोडपं पाहून ती क्षणभर चपापली, पण लगेच सावरली. वरचे लोक न सांगता काहीबाही नवीन करतात, याची तिला सवय होती.

"हा व्यापाऱ्याचा भोजनकक्ष," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि आज आपल्या नशिबाने खुद्द व्यापारी आणि त्यांच्या पत्नी घरी आहेत."

लोक दोरीला टेकून उभे राहिले.

"बोला की आता," माई म्हणाल्या. "का विचारत नाही तुम्ही कुणाला?"

तात्यांनी लोकांकडे पाहिलं, मग माईंकडे. खरं तर ते उठून जाणार होते, पण जायला वाट नव्हती. आणि माईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

"माझा धंदाच तसा," ते हळूच म्हणाले. "लोक माझ्या हातात विश्वासाने चीजवस्तू देतात. मीच रस्ता विचारायला लागलो, तर माझी पत काय राहिली? सुरुवातीला एकदा विचारला होता. माणूस हसला. म्हणाला, याला पाठवलंय होय? तेव्हापासून नाही विचारला."

"आणि हे मला पस्तीस वर्षांत सांगितलं नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

माईंना हसू आलं. त्यांनी झग्याच्या सोनेरी बाहीने डोळे पुसले. मागे टाळ्यांचा कडकडाट झाला. माई दचकून वळल्या आणि एवढी माणसं पाहून मटकन खुर्चीत बसल्या.

"तुम्ही रोज इथेच जेवता का?" एका आजींनी विचारलं.

"छे हो, कालच आलोय," तात्या म्हणाले. "आणि जेवण कुठलं, तासभर उपाशी बसलोय. तुम्हीही आशा ठेवू नका."

लोक पोट धरधरून हसले. तात्यांना काही कळेना, पण माणसं हसली की त्यांना बरं वाटे. मग त्यांनी पितळी फुलाची आणि छतातल्या पाण्याची हकिकतही सांगितली. व्यापाऱ्याच्या काळातली न्हाणीघरं एवढी पुढारलेली होती, हे ऐकून एका गृहस्थांनी ते वहीत टिपून घेतलं. माई मात्र भिंतीवरची संग्रहालयाची पाटी वाचत होत्या. वाचता वाचता त्यांचा चेहरा जांभळ्या झग्याच्या रंगाचा झाला.

तेवढ्यात संग्रहालयाच्या व्यवस्थापिका टाळ्या ऐकून धावत आल्या. त्यांनी झगे पाहिले, दोरी पाहिली, खुर्ची पाहिली. मग सफरचंद पाहिलं.

"ते करायला मला तीन दिवस लागले होते," त्या म्हणाल्या.

"चुकलं आमचं. आम्ही घुबडातले," माई म्हणाल्या. "नाश्त्याला निघालो होतो."

नाश्ता अखेर अकरा वाजता मिळाला, साध्या कपड्यांत, निळसर हिरव्या दारापलीकडे. तिथे चहा होता, गरम पाव होते, अंडी होती आणि खरी फळं होती. तात्यांनी फळांना हात लावला नाही. जेमतेम दुसरा कप भरला, तोच व्यवस्थापिका आल्या. त्यांच्या हातात अभिप्रायाची वही होती.

"सफरचंदाचं मी विसरले नाहीये," त्या म्हणाल्या, "पण हे तुम्ही पाहायला हवं. आमच्या भोजनकक्षाबद्दल आजवर कुणी एक ओळ लिहिली नव्हती."

पानभर अभिप्राय होते. 'नवरा-बायकोचं भांडण अगदी खरं वाटलं.' 'व्यापाऱ्याच्या पत्नीचं रडणं काळजाला भिडलं.' 'असे कलाकार सरकारने जपले पाहिजेत.' तात्या मोठ्याने वाचत गेले. छाती फुगत गेली, आवाज चढत गेला. शेजारच्या टेबलावरची माणसं ऐकू लागली. शेवटच्या ओळीशी मात्र ते थबकले, मनातल्या मनात वाचली, आणि वही मिटून चहाकडे वळले.

माईंनी ती पुन्हा उघडली. अक्षर टपोरं होतं, खाली 'एक आजी' एवढीच सही.

'बाईंचं काम फार सहज. पुरुष मात्र अभिनय करतोय, हे सारखं जाणवत होतं.'

माईंनी चष्मा सारखा केला, फोन काढला, त्या ओळीचा नीट उजेडात फोटो घेतला आणि लेकीला पाठवून दिला.