गोदीची नुकसानभरपाई

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी धुळ्याच्या कचेरीसमोरच्या लिंबाखाली एक छत्री यायची. छत्री दौलतनानांच्या हातात, पण सावली सगळी डावीकडे, भागाअक्काच्या डोक्यावर. नाना स्वतः उन्हात. अक्काचं बोचकंही त्यांच्याच काखेत. आणि एवढं सगळं कशासाठी? तर ह्या भागाअक्काची आजी ही नानांच्या घराण्याची विकत घेतलेली दासी होती, सरकारनं कायदा करून ती त्यांच्या हातची घालवली, तरी भरपाई मिळावी, असा अर्ज माझ्याकडून लिहून घेण्यासाठी!

लिहिणारा मी. गाव राजापूरकडचं. वडील गेले आणि चौथीतच शाळा सुटली. पण जाण्याआधी त्यांनी मोडी वळण घोटून घेतलं होतं. तेवढ्या भांडवलावर मी खानदेशात येऊन लिंबाखाली अर्ज लिहायला बसलो. पहिले चार दिवस माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी नाना आले. अर्ज कसला हे ऐकून मी टाक खाली ठेवला, पण अक्कानं बोचक्यातून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा काढून माझ्यापुढे ठेवला, आणि मी टाक शाईत बुडवला. त्या भाकरीचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

कायदा कंपनी सरकारच्या अमदानीतला, म्हणजे नाना जन्मलेही नव्हते तेव्हाचा. इतकी वर्षं त्याबद्दल घरात कुणाची तक्रार नव्हती. पण एका पेन्शनर मास्तरांनी नानांना सांगितलं, की साहेबाच्या लोकांनी समुद्रापलीकडच्या बेटांवर उसाच्या मळ्यांत गुलाम राबवले, आणि ते सोडायची वेळ आली तेव्हा विलायत सरकारनं मालकांना भरपाई दिली. गुलामांना छदामही नाही. मास्तरांनी हे संतापून सांगितलं. नानाही संतापले, पण भलत्याच बाजूनं.

"त्यास्ले दिधं, मंग आमले कसाले नही? हाई सरकार शे का पोरखेळ?"

तेव्हापासून हे वाक्य नानांच्या तोंडी बसलं. कचेरीच्या शिपायाला, टांगेवाल्याला, मोकाट गाढवालासुद्धा एकदा हेच विचारताना मी त्यांना पाहिलं आहे.

मी मात्र भिऊन असायचो. गुलाम ठेवल्याचा कबुलीजबाब माझ्या अक्षरात! उद्या चौकशी झाली तर लिहिणाऱ्याला आधी धरतील. म्हणून मी अर्जाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहायचो, 'लिहिणारा केवळ लिहिणारा आहे.' एकदा नानांनी चष्मा पुसून ते वाचलं. म्हणाले, "वा रे कोकण्या! भाकर खावाले तू, आनि फाशी जावाले मी?"

खरी मजा यायची ती वर्णनाच्या कलमाला. नाना सांगायचे, "लिख. नाव गोदी. कामाले बरी."

"बरी?" अक्का उसळायची. "मनी आजी एकटी वीस मानसंना रांधे. बरी म्हणस! कोकण्या, लिख, लई चांगली. आनि किंमत वाढाड."

"किंमत मी ठरावसू. मालक मी शे."

"तुना आजानी किंमत कोनी लावी व्हती का कधी, नाना? त्याले तं फुकट बी कोनी नेतं नही!"

आजूबाजूचे पक्षकार आपापले खटले विसरून ऐकत बसायचे. मग नाना हुकमी पत्ता काढायचे, "अवं, पन कायद्यानं सुटनी ना ती?"

"सुटनी? मंग तुनी भाकर कोन थापस?"

ह्यावर नाना माझ्याकडे बघून म्हणायचे, "लिख, लिख." गोदी सुटली म्हणजे मागच्या खोलीतून ओसरीवर आली, एवढंच. पुढे तिनं नानांना कडेवर खेळवलं. मग तिची मुलगी, मग ही नात, त्याच चुलीपुढे. नानांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एवढ्या मोठ्या घरात ही दोघंच, आणि त्यांचं भांडण.

अर्जाला उत्तर म्हणून कधी आलं नाही. आणि एका सोमवारी आलं! आत कुणी नवा, थट्टेखोर कारकून बसला असावा. एकच ओळ होती: खरेदीचा मूळ दस्तऐवज हजर करावा.

नानांनी कचेरीच्या आवारात जिलबी वाटली. शिपायांना, साक्षीदारांना, माझ्या शेजारच्या स्टॅम्पवाल्याला. बेड्या घालून आणलेल्या एका चोराचे हात मोकळे नव्हते, तर त्याला स्वतः भरवली. "खाय भो, खाय! सरकार जागं व्हयनं!"

पुढच्या सोमवारी नाना काळा कोट घालून आले. काखेत पितळी नळकांडं. त्यातला कागद घराण्यात आजवर कुणी उलगडला नव्हता. इतकं जुनं मोडी वाचणारं घरात कुणी उरलंच नव्हतं. सगळ्या लिंबाखाली माझ्याशिवाय ते वळण कुणाला लागत नव्हतं. मला कोण फुशारकी चढली! घसा साफ करून मी खणखणीत वाचायला लागलो.

"...मौजे पिंपळखेडे, पारोळ्यानजीक, येथील सखाराम याने, दुष्काळात पोट चालेना सबब, आपली बहीण नामे गोदी, उमर वर्षे आठ, डाव्या भिवईवर भाजल्याची खूण, ही तीन मण जोंधळ्यास दिली असे. पोर रडते, सबब सोबत चिंधीची बाहुली एक..."

मी मान वर केली. कुणी हसत नव्हतं.

"आठ वरीसनी?" नाना म्हणाले. त्यांना गोदी आठवत होती ती पिकल्या केसांची. तिला लहानपण असेल असं त्यांच्या अर्जात कुठंच नव्हतं.

अक्का म्हणाली, "बाहुली बी लिखेल शे?"

"हो अक्का. एक."

"आजी कधी बोलनी नही." मग माझ्या हातातल्या कागदाकडे वाकून, "पिंपळखेडं. आमले गाव व्हतं तं."

नानांनी कागद माझ्या हातून घेतला, नळकांड्यात घातला आणि नळकांडं अक्काच्या ओटीत ठेवलं. "हाई तुनं शे. सरकारले नको."

"मी जाई येस तठे," अक्का म्हणाली.

"कसाले?"

"कोनी शे का, पाहसू."

"आनि कोनी भेटनं तं?"

"तं रहासू."

नानांनी छत्री उघडली, मिटली, परत उघडली. एवढ्या वर्षांच्या अर्जांत ह्या गोष्टीचं कलम नव्हतं. दुसऱ्या दिवशी पारोळ्याच्या मोटारीत त्यांनीच तिला बसवलं, आणि मोटार हलेपर्यंत खिडकीवर छत्री धरून उभे राहिले.

पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी नाना एकटेच आले. कोट नव्हता. काखेत बोचकं नव्हतं. मिटलेली छत्री मांडीवर ठेवून बसले. म्हणाले, "लिख. अर्ज."

"कलेक्टरसाहेबांना?"

"नही." आणि अर्जाच्या भाषेशिवाय दुसरी लिहायची भाषा त्यांना येतच नव्हती, तिच्यातच त्यांनी सांगायला सुरुवात केली. 'मेहेरबान भागाबाई, मुक्काम पिंपळखेडे, यांचे हुजुरास. अर्जदार दौलत याचा अर्ज ऐसाजे. अर्जदारास भाकरी थापता येत नाही, ही बाब मेहेरबानांस ठाऊक आहे. अर्ज भाकरीबद्दल नाही. संध्याकाळी ओसरीवर अर्जदाराशी भांडण्यास कोणी नाही, सबब अर्ज. मेहेरबानांवर अर्जदाराचा कसलाही हक्क नाही. तरी मर्जी झाल्यास यावे.'

हात सवयीनं पुढे सरकला. मी विचारलं, "नाना, भरपाईचं कलम?"

"नको."

तळाशी लिहिणाऱ्याची मुंगीएवढी ओळही मी घातली नाही. टपालाचं तिकीट लावायला गेलो तर नाना म्हणाले, "कोर्ट-फीनं बी लाव. वजन येस." मी दोन्ही लावली.

"जबाब कधी येई रे, कोकण्या?"

इतकी वर्षं सरकारनं उत्तर दिलं नव्हतं, पण नानांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी म्हणालो, "ज्याची त्याची मर्जी, नाना."

ते उठले. ऊन मी म्हणत होतं. नानांनी छत्री उघडली, सवयीनं डावीकडे धरली, आणि त्या रिकाम्या सावलीच्या बाजूबाजूनं, स्वतः उन्हातून, हळूहळू चालत गेले.