मोचिकोची गाऱ्हाणी

कानाझावा शहरातल्या सोया सॉसच्या कारखान्यात एका जागेसाठी अडुसष्ट अर्ज आले. त्यातल्या सदुसष्ट जणांच्या सोशल मीडियावरच्या खात्यांत मालक अराकींना काही ना काही खोट सापडली. उरली चिनात्सु मोरिकावा, आणि तीच त्यांना जास्त खुपू लागली. तिच्या खात्यावर फक्त रविवारी मंदिरात कीर्तनासारख्या गायल्या जाणाऱ्या प्रवचनांचे व्हिडिओ होते. बुवांनी सूर चढवलाय, म्हाताऱ्या रुमालाने डोळे टिपतायत. तीन वर्षांत दुसरं काहीच नाही.

"एवढं स्वच्छ कुणी असतं का?" अराकी भरतीप्रमुख ओकुमुरांना म्हणाले. "या पोरांची दोन खाती असतात. एक आपल्याला दाखवायला, एक खरं. ते खरं शोधा."

ओकुमुरांचं वय छप्पन्न, पण हे काम चुटकीसरशी होणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी मांजराचा फोटो लावून 'मोचिको' नावाचं खातं उघडलं, वय एकवीस, कॉलेजात शिकणारी. चिनात्सुशी बोलायला विषय हवा म्हणून ते मंदिरातही जाऊ लागले. पहिल्या रविवारी हेरगिरीला गेले, दुसऱ्या रविवारी रुमाल घेऊन गेले.

तिने मन मोकळं करावं म्हणून आधी मोचिकोने करायला हवं होतं. कॉलेजातल्या मुलींची दुःखं काय असतात हे ओकुमुरांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःचीच लिहिली. जिथे कामाला जाते तिथला म्हातारा ऐन उन्हाळ्यात पाच वाजता एसी बंद करतो. कागदावर सहीऐवजी मारायचा माझा नावाचा शिक्का त्याच्या शिक्क्यापुढे मान झुकवल्यासारखा तिरका उमटला नाही, तर कागद परत पाठवतो. चिनात्सु रोज संध्याकाळी उत्तर द्यायची, गरम काहीतरी खाऊन घे, लवकर झोप. दोन महिन्यांनी ओकुमुरांनी कळवलं की मुलीचं दुसरं खातं नाही. ते स्वतः मात्र बरेच हलके झाले होते.

अराकींचं समाधान झालं नाही. त्यांनी उमेदवारांची छुपी खाती हुडकणाऱ्या एका संस्थेला काम दिलं. आठ दिवसांत अहवाल आला, त्यात मोचिकोची सगळी गाऱ्हाणी उतरवलेली होती. मोचिको फक्त चिनात्सुशीच बोलते, त्याच मंदिरात जाते, आणि तिचं खातं चिनात्सुने अर्ज केला त्याच आठवड्यात उघडलंय. तेव्हा मोचिको म्हणजेच चिनात्सु.

शेवटच्या मुलाखतीला अराकींनी तो अहवाल तिच्यासमोर मोठ्याने वाचला. शेजारी बसलेल्या ओकुमुरांना घाम फुटला.

"आता या बिचाऱ्या म्हाताऱ्यालाच घ्या," अराकी कळवळून म्हणाले. "नोकरी देतो, आणि तुम्ही त्याची अशी बदनामी करता. उद्या माझ्याबद्दलही लिहाल."

चिनात्सुने शांतपणे सांगितलं की ते खातं तिचं नाही. ती बेकरीत काम करते, तिथे पावाला कुणी शिक्के मारत नाही.

"मग कोण ही मोचिको?"

"कुठल्या तरी ऑफिसातले, वयाने मोठे गृहस्थ असावेत. कॉलेजच्या मुलीला शिक्का तिरका मारायला कोण सांगणार? मागच्या महिन्यात त्यांनी जेवणाच्या डब्याचा फोटो टाकला होता. डब्याखालच्या कागदावर तुमच्या कारखान्याचं नाव होतं."

अराकींनी अहवाल पुन्हा वाचला, या वेळी मनात. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. ओकुमुरांना गप्प बसता आलं असतं. कारखान्यात दोनशे माणसं होती. पण गप्प बसले असते तर मुलीवरचा संशय तसाच राहिला असता. ते उठले आणि कमरेतून पार खाली वाकले.

"साहेब, मोचिको मी आहे."

अराकींनी अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग चिनात्सुला विचारलं, "सगळं ठाऊक होतं, तरी आलात?"

"आणखी दोन कंपन्या मला घ्यायला तयार आहेत," ती म्हणाली. "तिथल्या लोकांची खाती पाहिली. सगळे रोज साहेबांचं कौतुक करतात. मला भीतीच वाटली. मोचिकोने दोन महिने रोज गाऱ्हाणी सांगितली, पण नोकरी सोडते असं एकदाही म्हणाली नाही. म्हटलं, जागा चांगली असणार."

अराकींनी चष्मा काढून पुसला. पुसायला बराच वेळ लागला.

"एप्रिलच्या एक तारखेला रुजू व्हा," ते म्हणाले.

ओकुमुरा अजून वाकलेलेच होते. त्यांनी तसंच खालून विचारलं, "आणि मी, साहेब?"

"तुम्ही उद्या या. रोजच्यासारखे."