देवदूताशी कुस्ती

नाटक पाच दिवसांवर आलं आणि मोनाचा देवदूत मोटारसायकलवरून पडला.

मोना ही शांतवनची बायको, चर्चच्या शब्बाथशाळेत दर रविवारी मुलांना शिकवणारी. यंदाच्या वार्षिक कार्यक्रमाला तिनं पवित्र शास्त्रातल्या देवदूतांवर नाटक बसवलं होतं. मरीयेला निरोप सांगणारा गब्रीएल त्यात होता, अब्राहामाच्या दारी जेवून जाणारे तिघे होते, तुरुंगात पेत्राच्या कुशीत ढोसून त्याला उठवणाराही होता. शेवटचा प्रवेश याकोबाशी रात्रभर झोंबी घेणाऱ्या दूताचा. नेमका तोच हात मोडून घेऊन घरी बसला.

याकोब होता शांतवन. त्याचे सासरे भास्कर गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, यांना ती निवड पहिल्यापासून पसंत नव्हती. नाटकातला शब्दन् शब्द ते शास्त्राशी ताडून बघत. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या दूतांचे पुठ्ठ्याचे पंख उतरवायला लावले. सहा पंख असतात ते देवाच्या सिंहासनाजवळच्या सराफीमांना. माणसांच्या दारी आलेले दूत साध्या माणसांसारखेच आले, इतके की काहींनी नकळत देवदूतांचा पाहुणचार केला, असं शास्त्रच सांगतं. पंखांसाठी दोन पोरी रडल्या, पण गुरुजी हलले नाहीत. जावयाविषयी मात्र ते एवढंच म्हणत, "शांतवन गरीब आहे हो." गाईविषयी म्हणावं तसं. रांगेत कुणीही पुढं घुसलं तरी हा सरकून जागा देणार. धरून ठेवणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

कागलच्या एमआयडीसीत शांतवन स्टोअर सांभाळायचा. तिथंच मशीनवर राजवर्धन होता, पहाटे तालमीत घुमणारा शंभर किलोचा पैलवान. डबा खाताना शांतवननं अडचण सांगितली आणि तो लगेच तयार झाला. देवाचं काम म्हटल्यावर नाही कशाला म्हणायचं, असं त्याचं मत. फक्त निकाल काय लागतो, ते त्यानं विचारून घेतलं.

शांतवननं सगळं सांगितलं. देवदूताचं काही चालत नाही. तो याकोबाच्या जांघेला स्पर्श करतो, सांधा निखळतो, तरी याकोब सोडत नाही. शेवटी देवदूतच म्हणतो, मला जाऊ दे, उजाडायला लागलं.

राजवर्धननं हातातली भाकरी डब्यात ठेवली.

"सोड म्हणायचं? म्या? तुम्हास्नी?"

शांतवनचं वजन बावन्न किलो होतं.

"ठरवून हारायचं म्हंजे नुरा कुस्ती झाली. वस्ताद तालमीत पाय ठिवू देणार न्हाईत."

मग गुरुजींनाच मध्ये पडावं लागलं. त्यांनी शास्त्र उघडून दाखवलं. उत्पत्तीच्या पुस्तकात त्याला नुसता पुरुष म्हटलंय, होशेय संदेष्ट्यानं स्पष्ट दूत म्हटलंय. पण कुणाची पाठ जमिनीला लागली असं दोन्हीकडं कुठंच लिहिलेलं नाही. चीतपट कुणीच नाही म्हटल्यावर राजवर्धन राजी झाला. सरावात त्यानं "सोड" म्हटलंही, पंगतीत मीठ मागावं इतक्या हळू.

रविवारी चार वाजता हॉल भरला. पुढची बाकडी अख्ख्या तालमीनं धरली होती आणि मधोमध गुलाबी फेटा बांधून अमरसिंह वस्ताद बसले होते. त्यांना बघून राजवर्धनच्या तोंडचं पाणी पळालं.

प्रवेश सुरू झाला. दोघं भिडले. सवयीनं राजवर्धननं शड्डू ठोकला, बाकड्यांवरून शिट्टी आली, आणि तो आपण देवदूत आहोत हे विसरला. त्यानं शांतवनला उचलून खांद्यावर घेतलं. शांतवननं घाबरून त्याच्या मानेला मिठी मारली. राजवर्धननं गरकन फिरवलं, झटकलं, कमरेतून वाकून बघितलं, मिठी सुटेना. ठरल्याप्रमाणे त्यानं जांघेला हात लावला, तो जरा जास्तच लागला. शांतवनच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले.

मोनानं पडद्याआडून पहाटेचा पिवळा दिवा लावला. आता "सोड" म्हणायचं होतं. राजवर्धननं वस्तादांकडं बघितलं आणि ओठ घट्ट मिटले. गायकवृंदानं तेच कडवं तिसऱ्यांदा म्हटलं. उजाडून पाच मिनिटं झाली, तरी देवदूत जायचं नाव घेईना.

लोंबकळत्या शांतवनला पहिल्या रांगेच्या कडेला बसलेले गुरुजी दिसले. ते अर्धवट उठून पडदेवाल्याला खूण करत होते, की पाड आता. चेहऱ्यावर तेच, गरीब आहे हो. शांतवनला आयुष्यात प्रथमच राग आला. त्यानं बोटांत बोटं अडकवली, डोळे मिटले आणि आपलं वाक्य म्हटलं.

"मला आशीर्वाद दिल्यावाचून मी तुला जाऊ देणार नाही."

पुन्हा म्हटलं. चौथ्यांदा म्हटलं तेव्हा हॉलमध्ये चिडीचूप झालं होतं आणि राजवर्धनला धाप लागली होती.

वस्ताद उठले. "राजा, सोड म्हण."

"वस्ताद, पर नुरा हुतंय."

"धा मिनिटं झाली, तुला त्यो सुटंना. ह्यात नुरा कुठं ऱ्हायली? त्यानं धरलंय ते खरं हाय."

राजवर्धननं श्वास घेतला आणि छपराचे पत्रे थरथरतील अशा आवाजात म्हणाला, "सोड बाबा मला. उजाडलं."

मग शांतवनच्या डोक्यावर पंजा ठेवून त्यानं आशीर्वाद दिला. "आजपास्नं तुला याकोब म्हणायचं न्हाई, इस्राएल म्हणायचं. देवासंगं अन् माणसासंगं झुंजलास आणि जितलास." गुरुजींनी मांडीवरचं शास्त्र पडताळलं. भाषा कोल्हापुरी होती, पण मजकूर बरोबर होता.

पुढं जे झालं ते नाटकात नव्हतं. वस्तादांनी आपला फेटा उतरवून शांतवनला बांधला. त्याला पाय टेकवेना, म्हणून राजवर्धननंच त्याला पुन्हा खांद्यावर घेतलं, या वेळी मानानं. कुणाच्या तरी गाडीत हलगी होती, ती बाहेर आली. अख्खी मंडळी आणि अख्खी तालीम शांतवनला मिरवत घराकडं निघाली. जांघ ठणकत होती आणि तो लहान मुलासारखा हसत होता.

कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं मिरवणुकीच्या शेवटी चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला थांबवलं. "पावणं, कोण पैलवान म्हणायचा ह्यो?"

गुरुजींच्या हातात शांतवनच्या चपला होत्या. त्या त्यांनी काखेत नीट धरल्या आणि म्हणाले, "जावई आमचा."