लग्नाच्या सीडीवरचा ओरखडा

"तुह्या बाबानं लग्नात मले जेवाले विचारलं नाही," हे जिजाबाई सून नंदिनीला दर सणाला ऐकवीत. मुलगा धम्मानंद लगेच साक्ष देई, "मी पाह्यलं ना. आई भिवापूरच्या लग्नातून उपाशीच आली."

नंदिनीचे बाबा आता हयात नव्हते. त्यांची बाजू मांडायला उरली होती फक्त लग्नाची सीडी. तीही बुद्धवंदना, हार, फोटो सगळं नीट दाखवी आणि पंगत आली की अडके.

या दिवाळीला मात्र नंदिनी हट्टालाच पेटली. "सीडी दुरुस्त करा. माह्या बाबाचं नाव खराब होऊन राह्यलं."

मोबाइलवर पाहून डागडुजी करायचा धम्मानंदला भारी सोस. त्याने सीडीवर आधी केळं चोळलं. मुंग्या आल्या. मुंग्या झटकायला घेतलेला फडका निघाला भिवापुरी तिखटाचा, आणि त्याच हाताने त्याने डोळे चोळले. त्याची बोंब अर्ध्या मनीषनगर वस्तीला ऐकू गेली.

"बाबा, काय करून राह्यले तुम्ही?" लेक पिंकीने विचारलं.

शेवटी साधी पांढरी टूथपेस्ट लावून, मऊ कापडाने मधून कडेकडे पुसत त्याने सीडी चकाचक केली. सगळे टीव्हीपुढे बसले. पंगत आली आणि सीडी अडकली नाही.

पडद्यावर नंदिनीचे बाबा हात जोडून म्हणत होते, "इहीनबाई, अजून एक घ्या." पानावर जिजाबाई, आणि शेजारी बसून त्यांना बुंदीचा लाडू भरवणारा नवरदेव धम्मानंद. जिजाबाई नको नको म्हणत खात होत्या.

बाबांचा आवाज ऐकून नंदिनीला रडू आवरेना.

जिजाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "हे मीच आहो का वं?"

"तुम्हीच, आई."

धम्मानंद हळूच रिमोटकडे सरकला, पण तो जिजाबाईंनी आधीच उचलला होता. "काहून गा? मी म्हातारी, इसरली असन. तुले नाही आठवलं?"

"तू म्हणे, म्हणून मीबी म्हणो."

"पाह्य वं नंदिनी. बिचाऱ्या इवाह्याले इतकी वर्षं बदनाम केलं यानं."

"तुमचा काही दोष नाही, आई," नंदिनी डोळे पुसत म्हणाली.

धम्मानंद आ वासून पाहत राहिला. त्या घरात सासू-सुनेचं एकमत पहिल्यांदाच झालं होतं, आणि तेही नेमकं त्याच्याविरुद्ध.