लेउताची तबकडी

ऑकलंडला झालेलं आपल्या लेकीचं लग्न शनिवारी संध्याकाळी आपल्या टीव्हीवर दिसणार, असं लेउताने सावाई बेटावरच्या अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. खरं तर तिला गाव नको होतं, पाद्रीणबाई हव्या होत्या. महिला समितीची नवी प्रमुख निवडायची होती आणि एसेता पाद्रीणबाईंच्या शब्दाबाहेर समिती जात नसे. लग्नाचा थाट बघून बाई निम्म्या विरघळतील, उरलेल्या रविवारच्या जेवणात! त्या रविवारी पाद्री जोडप्याला जेवू घालायची पाळी लेउताचीच होती.

शनिवारी बाई आल्या, समितीतल्या बायका आल्या, भिंती नसलेल्या त्या घरात चटयांवर ऐसपैस बसल्या. लेउताच्या नवऱ्याने, पेनिआताने, लेकीने पाठवलेली लग्नाच्या चित्रीकरणाची तबकडी टीव्हीला जोडलेल्या यंत्राला भरवली. यंत्र म्हातारं होतं. त्याने ती गिळली, बराच वेळ घरघर केली आणि ही फाइल आपल्याला चालत नाही असं पडद्यावर लिहून मोकळं झालं. पेनिआताने तबकडी कमरेच्या लुंगीला पुसून पुन्हा घातली. यंत्राला दोन चापट्या दिल्या. निदान आवाज तरी येतो का बघू, म्हणून टीव्हीचा आवाज पार शेवटपर्यंत वाढवला.

तेवढ्यात सांजप्रार्थनेचा शंख वाजला.

शंख वाजला की गाव जागच्या जागी थांबतं. रस्त्यावर पहारा बसतो, पोरं गप्प होतात, कुत्रीसुद्धा दबकून असतात. बाईंनी डोळे मिटले, सगळ्यांनी माना खाली घातल्या. यंत्र मात्र आत चाचपडतच होतं. लग्न काही त्याला पचलं नाही, पण शोधता शोधता पचेल असं काहीतरी त्याच्या हाती लागलं.

“तेउइला बाळा,” टीव्हीतून लेउताचाच आवाज गरजला, “आत्ताच चर्चमधून आले बघ. पाद्री इतकं बोलले, इतकं बोलले, की भट्टीतल्या डुकराचा पार कोळसा झाला! देवाने सहा दिवसांत जग उरकलं, यांना एक मुद्दा उरकत नाही. आणि बाईंची ती नवी टोपी! डोक्यावर कोंबडी अंडी उबवायला बसलीय, असं वाटतं गं.”

लेउताने खाडकन डोळे उघडले. दर रविवारी लेकीला फोनवर बोलून पाठवलेले निरोप हे! उठावं तर प्रार्थना चाललेली, मोठी माणसं बसलेली असताना उभं कसं राहणार? बिचारी कोपरांवर सरपटत, माफी पुटपुटत निघाली. पेनिआताचे डोळे घट्ट मिटलेले होते, पण खांदे गदगदत होते. ती पोचेपर्यंत पुढचा निरोप सुरू झाला आणि त्यात समितीची खजिनदारही सोलून निघाली. शेवटी तिने यंत्राची तार उपटली, पण गावात एवढी शांतता होती, की पार समुद्रापर्यंत सगळ्यांनी सगळं ऐकलं असणार!

बाईंनी प्रार्थना सोडली नाही. शेवटी एवढंच जोडलं, की प्रभू, लांब बोलणाऱ्यांना आवर आणि ऐकणाऱ्यांना धीर दे. प्रार्थना संपल्याचा दुसरा शंख वाजला तशा टोपी सारखी करून निघून गेल्या.

लेउताने रागारागाने लेकीला फोन लावला. माझे निरोप त्या तबकडीवर कुणी घातले, असं विचारलं.

“मीच घालून घेतले,” तेउइला म्हणाली. “गाडीत लावते गं. कामावर जाताना तुझा आवाज ऐकला, की घरी असल्यासारखं वाटतं. लग्नही चुकून त्याच तबकडीवर उतरलं वाटतं.”

लेउताचा राग जागीच विरघळला. डोळे पुसून ती दुसऱ्या दिवसाच्या डुकराच्या तयारीला लागली. आता सगळी भिस्त त्याच्यावर होती.

रविवारी पाद्री उभे राहिले, एक मुद्दा सांगितला आणि आमेन म्हणून खाली बसले! लोक चक्रावून एकमेकांकडे बघू लागले. मग सगळ्या चर्चने वळून लेउताकडे अशा काही कृतज्ञ नजरेने पाहिलं, की प्रमुखपद आलंच, असं तिला वाटलं.

घरी येऊन चर्चला जाण्याआधी लावलेली भट्टी पाहुण्यांसमोर उघडली. पानं बाजूला सारली. डुक्कर निम्मं कच्चं!

एसेताबाईंनी डोक्यावरची कोंबडी काढून मांडीवर ठेवली.

“लेउता,” त्या शांतपणे म्हणाल्या, “आज यांनी अजून थोडं बोलायला हवं होतं, नाही का?”