गुरुजींची दोन पाकिटं

साळवे गुरुजींनी पहिल्याच भेटीत माझ्या चहाला दहापैकी चार गुण दिले. "आलं कच्चं हाय, बाई," म्हणाले, आणि कप रिकामा करून अजून अर्धा मागितला.

जामखेडकडच्या शाळेतून निवृत्त झालेला हा माणूस राहुरीजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत सारखा यायचा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पानातून डीएनए काढून वाण ओळखायचं काम आम्ही नुकतंच सुरू केलं होतं, आणि त्यासाठी शेतकऱ्यांकडून रताळ्याचे वेल जमवत होतो. गुरुजींच्या परसात अकरा वेल. ज्या घरून वेल आला, त्या घराचं नाव वेलाला. "पोस्टमन यंदा लई माजलाय, छाटायला पायजे," असं ते भर एसटीत सांगायचे आणि लोक दचकून बघायचे.

आमच्या मशीनवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एकदा मुद्दाम एकाच वेलाची पानं दोन नावांनी देऊन गेले. दोन्ही एकच आहेत असं मी सांगितलं, तेव्हा कुठे "पास" म्हणाले. मग बंडीच्या खिशातून दोन पाकिटं काढली.

एकात त्यांच्या दिवंगत पत्नीच्या माहेरच्या वेलाची पानं होती. लग्नानंतर तिने तोच वेल सासरी आणून लावला होता, पुढे दुष्काळात तो वाळला. दुसऱ्यातली पानं सावेडीची. तिथे त्यांची लेक सुजाता राहते. तिने मनाने लग्न केलं म्हणून आठ वर्षं बापलेकीत अक्षर नाही.

"तिच्या कंपाउंडवर रताळ्याचा येल दिसला. पानं तोडली, तर कुत्रं अंगावर आलं. पळालो." मग आवाज उतरला. "घर सोडताना तिनं आईचा येल नेला आसंल, तर मी जाईन तिच्याकडं. न्हाईतर ती मोकळी, मी मोकळा."

निकालाच्या दिवशी गुरुजी दहालाच हजर. लाईट दोनदा गेली. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी आधी शिपायाच्या चालीला तीन गुण दिले, मग गुण देणंही सोडलं.

दुपारी दोन्ही पानांच्या डीएनएच्या पट्ट्या उमटल्या. जुळत नव्हत्या. मी पुन्हा सगळं करून पाहिलं. तेच. खोटं सांगून टाकावं असं फार वाटलं, आणि तशी मी दारापर्यंत गेलेही.

"गुरुजी, वेगळा वाण आहे."

"परत केलं?"

"केलं."

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "म्हंजी तिच्याकडं आईचा येल न्हाईच."

मी बाजारच्या वाणाबद्दल काहीतरी बडबडू लागले. त्यांचं लक्ष नव्हतं. पिशवीतून त्यांनी गोणपाटाचं पुडकं काढलं. आत माहेरच्या वेलाची बोटभर लांबीची कांडं, नीट दोऱ्याने बांधलेली. गोणपाट ओलंच होतं. म्हणजे सकाळी घरून निघतानाच त्यांनी ते भिजवलं होतं.

"आठ वर्षं पोरीला आईचं रताळं न्हाई," ते म्हणाले. "हे तर द्यायलाच लागंल."

मी त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेले. पायरीवर पाय ठेवून ते थांबले. मागची माणसं खोळंबली, कंडक्टर ओरडला, तरी हलेनात.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तिनं दार उघडलं तर पहिलं काय बोलायचं, तेवढं सांगा."